फुलरेंजचा टॉवर

आमच्या ऑफिसात ज्या गृहस्थाला सगळे फुलरेंज म्हणतात, त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत असं मला अधूनमधून वाटतं, पण ते चार शब्द काही केल्या जुळत नाहीत. हे नाव आम्ही त्याला तोंडावरच ठेवलं, आणि तो ते पदवीसारखं मिरवतो. कुठूनही तक्रार येवो, फोन लागत नाही, आवाज तुटतो, बोलता बोलता कट होतो, हा खुर्चीतून न हलता सांगणार, "तिथे? अहो, तिथे तर फुल रेंज आहे." तक्रार करणारा बिचारा तिथेच गच्चीवर चढून, एक कान बोटाने बंद करून ओरडत असतो. फुलरेंजच्या मते तो एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्याला फोन धरता येत नाही.

पुरावा म्हणून तो नकाशा दाखवतो. हा नकाशा कसा तयार होतो ते कळल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. गाडीच्या टपावर एक बुटकी अँटेना, मागच्या सीटवर लॅपटॉप, पुढे काचेखाली ओळीने चिकटवलेले फोन, आणि रस्त्यारस्त्याने फेरफटका. सिग्नल चांगला असेल तिथे पडद्यावरचा रस्ता हिरवा होत जातो, वाईट असेल तिथे लाल. काम उपयोगाचं आहे, नाही म्हणत नाही मी. पण फुलरेंज गाडीतून उतरत नाही. उतरलं की एसी बंद करावा लागतो. त्यामुळे त्याच्या शहरात नुसते रस्तेच आहेत, आणि माणसं जन्मापासून मरेपर्यंत डांबरावर राहतात. घरं, तळघरं, दवाखाने, जिने, न्हाणीघरं या सगळ्या त्याच्या लेखी अफवा आहेत.

"एकदा उतरून आत जाऊन बघा ना," मी त्याला म्हटलं होतं.

"मॅडम, आत शिरायचं काम तुमच्या डब्यांचं," तो म्हणाला आणि स्वतःच आधी हसला. स्वतःच्या विनोदाला तो नेहमीच आधी हसतो. नाहीतर तो विनोद होता हे आम्हाला कळणार कसं?

डब्या म्हणजे माझं खातं. आडवी ठेवलेली जाडजूड डिक्शनरी असावी एवढी एक पेटी असते, स्मॉल सेल म्हणतात तिला. ती आत भिंतीवर लावायची, आणि जिथे टॉवर धड पोचत नाही तिथले फोन आतल्या आत चालवायचे. अशा सगळ्या पेट्या माझ्याकडे. टॉवर सगळे फुलरेंजकडे. त्याच्या खात्याला कंपनीने अख्खा मजला दिला आहे. माझ्या खात्याला पाण्याच्या कूलरशेजारची खोली, म्हणजे खोलीत आम्ही बसतो आणि दारात लोक ग्लास विसळतात.

आता भांडण कुठे होतं ते सांगते. हवेतल्या लहरी मोजक्याच, म्हणून टॉवर आणि पेटी दोघांना एकच लहर वाटून दिलेली असते. पेटी जवळच्या फोनशी हळू आवाजात बोलत असते. त्याच वेळी, त्याच लहरीवर, टॉवर बाहेरून गर्जत असतो. तो गर्जतो चौकातल्या भलत्याच कुणासाठी, पण इथल्या फोनच्या कानात दोन्ही एकदम शिरतं आणि पेटीचं बोलणं बुडून जातं. यावर उपाय आहे. तो मी शोधलेला नाही, जगभर वापरतात. टॉवरने मधूनमधून क्षणभर गप्प बसायचं. क्षणभर म्हणजे पापणी लवते त्याचाही बारीकसा तुकडा. तेवढ्या फटीत पेटी आपलं बोलून घेते. टॉवरच्या गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. ऑफिसात आम्ही त्याला 'ब्लँक' म्हणतो.

हा शब्द नुसता उच्चारला तरी पाल पडल्यासारखं फुलरेंज अंग झटकतो. "माझा टॉवर का म्हणून गप्प बसेल?" माझा! कंपनीच्या मालकांना ही बातमी अजून कळलेली नाही.

याचं आणि टॉवरचं एवढं का जमतं, हे त्याच्याशेजारी बसून मीटिंग केली की कळतं. तिथे दुसऱ्या कोणाचंही वाक्य पूर्ण होत नाही. फोनवर तो असा बोलतो की त्याच्या गाडीचं सर्व्हिसिंग कधी आहे, सासऱ्यांची दाढ कधी काढली, हे ऑफिसच्या तिन्ही मजल्यांना तोंडपाठ. कंबरेला दोन फोन, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी. ती तो सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला जातानाही काढत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि तक्रारीवर त्याचा इलाज काय? ही चूक करायला माणूस टॉवरवालाच असावा लागतो, येरागबाळ्याला ती सुचणारही नाही. आवाज तुटतो म्हणजे आपला आवाज कमी पोचतोय, असं धरून तो टॉवरची पॉवर वाढवतो आणि अँटेना त्याच इमारतीकडे आणखी झुकवतो. झालं! आतली पेटी आणखी बुडते. तक्रारी वाढतात. तक्रारी वाढल्या म्हणून हा पुन्हा पॉवर वाढवतो आणि वर सांगतो, "बघा, मी किती करतो लोकांसाठी."

अशा एका इमारतीवरून आमचं चांगलंच वाजलं. ती इमारत मूळची शीतगृहाची. भिंती हातभर जाड, आतून पत्रे. बटाटे आणि सफरचंदं परवडेनाशी झाली तेव्हा मालकाने खिडक्या फोडल्या, रंग दिला आणि तिथे म्हातारी माणसं ठेवायला सुरुवात केली. दारावर 'शुश्रूषा केंद्र' अशी पाटी आहे. भिंतीआड टॉवर मुळीच पोचत नव्हता म्हणून तिथे प्रत्येक मजल्यावर माझी पेटी लावली होती. पण फोडलेल्या खिडक्यांतून टॉवर थेट आत घुसायचा, कारण तो समोरच, छापखान्याच्या गच्चीवर उभा होता. खिडकीशी टॉवर, दाराशी पेटी, आणि मधल्या खाटांवर दोघांची मारामारी. तिथल्या माणसांना दिवसभरात दुसरं काम नाही. मुलाचा, मुलीचा, भावाचा फोन एवढंच काय ते. तोही अर्ध्यात तुटायचा.

मोजणी करायला मी माझं यंत्र घेऊन वरच्या मजल्यावर गेले. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई पाय खाली सोडून, ताठ बसल्या होत्या.

"तुम्ही फोनवाल्या का?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"मग माझ्या मुलाला ओळखत असाल." त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "तो टॉवर त्याचाच."

अख्ख्या शहरात टॉवरला 'माझा' म्हणणारा एकच प्राणी मला ठाऊक होता. विचारलं, तर तोच. फुलरेंजला आई आहे ही गोष्ट तिन्ही मजल्यांपैकी एकालाही माहीत नव्हती. सासऱ्यांची दाढ माहीत होती.

सहकाऱ्याची आई म्हटल्यावर मी आजीवरून काकूंवर आले. काकूंचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झाल्यावर मुलाने इथे आणून ठेवलं. "चालायला लागलीस की घरी नेतो, म्हणाला," काकू सांगत होत्या. "चालायला लागले. मग जिन्याची भीती होती. आमच्या घराला जिना आहे ना, आणि मधे वळण. म्हणून इथल्या मागच्या जिन्यावर रोज सराव केला. आता चढते, उतरते, कठड्याला हात न लावता. डॉक्टर म्हणाले, जा खुशाल. एवढंच त्याला सांगायचंय, आणि विचारायचंय, कधी नेतोस. पण नेमकी तिथपर्यंत आले की आवाज जातो बघा."

"खाली ऑफिसातल्या फोनवरून बोला ना."

"तिथे मॅनेजरबाई, त्यांचा कारकून, औषधवाला, सगळे बसलेले. चारचौघांत काय म्हणू, मला घरी ने? त्याचीच शोभा होईल."

"आणि ते भेटायला येतात तेव्हा?"

"येतो ना. फळं ठेवतो. खिडकीशी उभा राहून टॉवर बघतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजतो, की निघाला. फार मोठं काम आहे त्याचं." हे त्या इतक्या अभिमानाने म्हणाल्या की मी यंत्रात तोंड खुपसलं. कामाच्या मोठेपणाबद्दल मला बरंच काही बोलता आलं असतं.

ऑफिसात येऊन मी तडक फुलरेंजच्या टेबलाशी गेले. "तुमच्या आई भेटल्या मला."

"अरे वा." मान पडद्यातच. "बरी आहे ना?" बदली होऊन गेलेल्या शिपायाची चौकशी लोक याहून आपुलकीने करतात.

"त्यांना तुमच्याशी बोलायचंय. पण आवाज तुटतो म्हणतात."

"ती फोन उलटा धरते, मॅडम. म्हातारी माणसं."

"मी बघितलं. सरळ धरतात."

"मग तुमची डबी उलटी लावली असेल." आणि हसला.

दुपारी त्याने त्या टॉवरची पॉवर आणखी वाढवली, आणि मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "काय करणार, आईसाठी करावं लागतं." दोन-तीन बायकांचे डोळे पाणावले. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असंही कोणीतरी म्हणालं. मी कूलरशेजारच्या खोलीत बसून दातओठ खात होते. कारण आता त्या इमारतीतली एकही खाट धड राहणार नव्हती.

तसंच झालं. तक्रारींचा पाऊस पडला आणि तिथल्या मॅनेजरबाईंनी कळवलं की हे असंच चालणार असेल तर पेट्या काढून न्या, आम्ही दुसरी कंपनी बघतो. गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर मोठ्या साहेबांना जाग आली. आमच्या साहेबांनी आजवर कोणालाही नाही म्हटलेलं नाही, आणि हो म्हटल्याचंही कोणाला आठवत नाही. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

मी ब्लँक मागितला. फक्त तो एक टॉवर, फक्त चाचणीपुरता. फुलरेंजने नकाशा पसरला. "सर, इमारतीसमोरचा रस्ता बघा. हिरवागार."

"रस्त्यावर कोणी झोपत नाही, सर," मी म्हटलं. "खाटा आत आहेत."

मग तो जो पेटला! टॉवर गप्प बसवला तर चौकातली गिऱ्हाइकं जातील, कंपनीची अब्रू जाईल, आज एक टॉवर तर उद्या सगळे. तोंडाचा पट्टा थांबेना. शेवटी घाम पुसत म्हणाला, "करायचंच असेल तर दुसरीकडे करा. बाजारात करा, कॉलेजात करा, स्टेशनवर करा. त्या इमारतीत नको."

मी मनात म्हटलं, बरोबर आहे. आई खाटेवरून रोज तुझा टॉवर बघते. तो माझ्या डबीपुढे गप्प बसला तर तुझं नाक कापलं जाईल. एवढ्याशा नाकासाठी हा माणूस आईचा फोन बुडवायला तयार आहे, असं वाटून मला त्याची मनापासून किळस आली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि ज्यात कोणी कायमचं नाराज होत नाही तो तोडगा काढला. आठवडाभर करून बघा, म्हणाले.

फुलरेंजच्या हाताखालच्या इंजिनिअरने साहेबांसमोरच पॉवर पूर्ववत केली आणि ब्लँक टाकला. चौकातल्या एकाही गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. रविवारी सकाळी मी त्या इमारतीत गेले. कामाला सुट्टी होती, पण मला राहवेना. खरं सांगायचं तर मिरवायचं होतं.

आणि मिरवण्यासारखंच होतं. खालच्या मजल्यावर एक आजोबा सवयीने घसा ताणून भावाशी बोलत होते. मधेच थांबले, फोनकडे बघितलं, आणि साध्या आवाजात पुढे बोलायला लागले. एक बाई नातवाची अख्खी कविता ऐकून घेत होत्या. मॅनेजरबाई मला बघून चक्क हसल्या, आणि त्या हसतात हे तिथल्या नर्सलाही नवीन होतं.

वर काकू वाट बघत होत्या. "झालं का ग?" त्या मला आता अगं-तुगं करत होत्या.

"झालं. लावा फोन."

त्यांनी आधी केसांवरून कंगवा फिरवला. फोनवर केस कोणाला दिसतात? पण फिरवला, पदर सारखा केला, आणि मी जायला निघाले तर म्हणाल्या, "थांब ना. तुझ्यामुळे होतंय." मी खाटेच्या कडेला बसले. यंत्र मांडीवर होतं. पेटीचा सिग्नल इतका स्वच्छ की तसा मी प्रशिक्षणाच्या खोलीतही बघितला नव्हता. आता स्वतःच्या आईच्या तोंडून ऐक, मी मनात म्हणत होते, माझी डबी कशी चालते ते.

फोन लागला. फुलरेंजचा आवाज काकूंच्या कानातून निघून माझ्यापर्यंत येत होता. त्याला नेटवर्क लागतच नाही म्हणा.

"हां, बोल आई."

"अरे, डॉक्टर म्हणाले मी घरी जाऊ शकते. जिना चढते मी आता, वळणसुद्धा. कधी नेतोस?"

पलीकडे काही नाही. मी यंत्राकडे बघितलं. सिग्नलची रेघ स्वच्छ, हलायलासुद्धा तयार नाही. मग काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. तेवढं मात्र मला कळलं नाही, कारण फुलरेंजला हळू बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "हॅलो? हॅलो? आई, आवाज तुटतोय तुझा. हॅलो? काहीच ऐकू येत नाहीये." फोन बंद झाला.

काकूंनी फोन कानावरून काढला आणि मांडीवर ठेवला. मी यंत्र पुन्हा बघितलं, पेटीचा दिवा बघितला, माझा फोन काढून तोही बघितला. मला चूक सापडायला हवी होती. आपल्या कामात एखादी तरी चूक निघावी म्हणून एवढी धडपड मी कधी केली नव्हती. एकही निघाली नाही.

"अजून थोडं काम बाकी आहे, काकू," मी म्हटलं. "आमच्याकडून काहीतरी राहिलंय. पेटीतच दोष दिसतोय."

"नाही ग." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. समजूत त्या माझी काढत होत्या. "तुझं काम चोख झालंय. मागून सूनबाईने विचारलं, कोणाचा फोन आहे, तेसुद्धा ऐकू आलं मला. तो म्हणाला, कोणाचा नाही."

इतकी वर्षं मी या माणसाला मूर्ख समजत होते. नकाशाला भुललेला, टॉवरवर भाळलेला, गाडीतून न उतरणारा दीडशहाणा. मूर्ख असता तर मी त्याला जन्मभर सहन केलं असतं. पण तो मूर्ख नव्हता. टॉवर गप्प बसला की त्या खोलीत काय काय ऐकू येईल, हे त्याला माझ्याहून चांगलं कळत होतं. बाजारात करा, स्टेशनवर करा, त्या इमारतीत नको. त्याचं नाक वगैरे काही नव्हतं मधे. तुटणारा आवाज त्याला हवा होता, आणि तो तुटत राहावा म्हणून या माणसाने एका अख्ख्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांचे फोन तुटू दिले, आणि वर 'आईसाठी करतो' म्हणून बायकांना रडवलं. मला त्याला त्याच क्षणी फोन करावासा वाटला. काय बोलायचं तेही जिभेवर तयार होतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याची आई शेजारी बसली होती.

काकूंनी खिडकीबाहेरच्या टॉवरकडे बघितलं.

"आता हे परत तुटणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही तुटणार."

"मग एक करशील? माझ्यापुरतं परत आधीसारखं करून दे. तुटायचं तेव्हा बरं होतं."

मी यंत्र बंद केलं. "एकट्यापुरतं नाही करता येत, काकू. केलं तर सगळ्या इमारतीचं होतं."

शेजारच्या खोलीतून कोणीतरी फोनवर मोकळेपणी हसत होतं. काकूंनी ते ऐकलं.

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग राहू दे. बाकीच्यांची मुलं बोलतायत."